टोकावरची मावशी आणि मागली वाट

ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आज्जी, पाळी आलीय, पोट दुखतंय, म्हणून पोहायला गेले नाही. दिवसभर पडून आहे." आणि मग सहज विचारलं, "तुमच्याकडे बायका अशा वेळी काय करायच्या गं?" मी म्हटलं, लिहून कळवते. तोंडी सांगायला गेले असते तर चार वाक्यांत उरकलं असतं, आणि ते चार वाक्यांत उरकण्यासारखं नाही, कारण त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे आमच्या वाडीतली एक बाई होती. आत्ताच लिहून ठेवते. तपशील माझ्याही हातून निसटायला लागलेत, आणि पडताळून घ्यायला आता ती नाही. निहार, तू मुलगा आहेस म्हणून हे बाजूला ठेवू नकोस. याच विषयावर आमच्या गावाने एकदा देवापुढे सभा भरवली होती, आणि तिच्यात झाडून सगळे पुरुष होते.

टोकावरच्या मावशीइतका बसण्याचा तिटकारा असलेलं माणूस सबंध जोयडा तालुक्यात झालं नसेल. मी तीस वर्षं शाळेत मुलांना "बसा" म्हणत आले. मावशी तेवढीच वर्षं दिसेल त्याला "ऊठ" म्हणत आली, आणि तिचं जास्त ऐकलं गेलं. ती माझी मावशी नव्हती. कुणाचीच नव्हती, तिला बहीणच नव्हती. वाडीच्या शेवटच्या घरात राहायची म्हणून टोकावरची, आणि वयाने सगळ्यांपेक्षा मोठी म्हणून मावशी. अंगाने इतकी काटकुळी की पावसाच्या दोन थेंबांमधून कोरडी जाईल, असं तुमचे आजोबा म्हणायचे. खांद्यावर गाठ मारलेलं आखूड लुगडं, पायात काही नाही, आणि हातात कोयता, मग कापायला काही असो वा नसो. माझ्याकडे आली की मी सवयीने खुर्ची पुढे करायची. ती त्या खुर्चीकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायची आणि चहाची बशी हातात घेऊन अंगणात फेऱ्या घालायला लागायची. चहा संपेपर्यंत ती कुठवर पोचलेली असेल याचा नेम नसे. माझ्या सहा बश्यांपैकी दोन-चार कायम तिच्या पडवीत असायच्या. मी वस्तू जागच्या जागी लागणारी बाई. दर शनिवारी जाऊन त्या परत आणायची. "टीचरबाई," ती म्हणायची, "बशीच्या निमतानं तरी चालतीस. न्हाईतर वही घिऊन बसलीस की खुडूक कोंबडीगत बसतीस. खालनं पिल्लू बी निघत न्हाई."

तिचं एक शास्त्र होतं. माणसाचं पोट म्हणजे भाताचं पोतं. "पोतं उभं करून ठेवलं की दाना खाली बसतो, घट्ट हुतो. मग त्येला हलवाय लागतं. आपटाय न्हाई, हलवाय." कुणाचं डोकं दुखलं, कुणाची सून रुसली, कुणाचा जावई बोलेनासा झाला, तिचं निदान एकच: बसून घट्ट झालंय, हलवा. जावई कसा हलवायचा हे तिने फोड करून सांगितलं नाही, पण तिने त्याला कॅसलरॉकपर्यंत चालत नेऊन आणलं, आणि तो घरी येऊन बोलला. "पाय गेले" एवढंच बोलला, पण बोलला. बायकांच्या पाळीच्या बाबतीत मात्र हे शास्त्र तिने चाळीस वर्षं अंगणात उभं राहून पारखून घेतलेलं होतं, आणि ते कसं, हे समजायला आधी आमची मागली वाट समजायला हवी.

वाडीतून गाडीच्या फाट्याकडे जायला सरळ रस्ता दहा मिनिटांचा, पण तो देवाच्या रानासमोरून जातो. ते रान तुम्ही पाहिलंय. तिथली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. बाहेरची झालेली बाई चार दिवस त्या रानासमोरून जात नाही. सुतक असलेल्या घरातलं कुणी जात नाही. प्रेतही तिकडून नेत नाहीत. या सगळ्यांसाठी मागली वाट आहे. मावशीच्या अंगणापासून ती चढ घेऊन दांड्यावर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, जाते, भातखाचरांच्या डोक्यावरून लांब वळसा घालते, मग उतरून ओहोळ, आणि ओहोळ ओलांडला की एका अंगाला स्मशान, दुसऱ्या अंगाला फाटा. पाऊण तास लागतो. पुरुष त्या वाटेवर फक्त प्रेतामागून किंवा सुतकात पाऊल टाकतात, एरवी तो अपशकुन. म्हणजे जिचं पोट दुखतंय, कंबर धरलीय, नेमकी तीच डोंगर चढणार आणि धडधाकट बाप्ये सपाटीवरून जाणार. मी बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकून इथे सासरी आले तेव्हा मला या गोष्टीचा फार संताप आला होता. संतापातच मी पहिल्यांदा तो चढ चढले, आणि दांड्यावर पोचले तेव्हा पोटातली कळ गेलेली होती. मग संताप कुणावर करायचा तेच कळेना. मावशीला संताप वगैरे कधी आलाच नाही. वाट तिच्या अंगणातून सुरू होत होती. ती बघत राहिली. "जाताना वाकून जात्यात," ती मला म्हणाली, "आन् दांड्यावर सरळ हुत्यात. म्हंजे चढात काय तरी हाय."

अंगणात उभी राहून बघण्याचा दुसरा परिणाम असा की वाडीतल्या प्रत्येक बाईच्या तारखा तिला तोंडपाठ होत्या. वाचता येत नव्हतं, पण अंगणातली पावलं वाचायची. एखाद्या सुनेची पावलं दोन महिने दिसली नाहीत की मावशी नाचणीचं सत्त्व घेऊन त्या घरी हजर. नवरा विचारायचा, "हे कशाला, मावशे?" मावशी म्हणायची, "कळंल सावकाश." त्याला खरंच सावकाश कळायचं.

मागल्या वाटेवर जाणाऱ्या बाईला मावशी मोकळी जाऊ देत नसे. आधी तांब्याभर कोमट पाणी प्यायला लावायची. मांड्या घासू नयेत म्हणून खोबरेल. डोक्यावर भार चारही दिवस नाही. कुणाच्या सासूने तरीही पाटी दिली तर मावशी ती पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन फाट्यावर पोचवायची आणि परत येऊन त्या सासूच्या दारात उभी राहायची, काही न बोलता. नुसतं उभं राहणं पुरत असे. चढ हळू, बोलायचं नाही, श्वास नाकाने. दांड्यावर पोचलं की कंबरेवर हात ठेवून कंबर फिरवायची, उजवीकडून दहा, डावीकडून दहा, पोतं हलवल्यासारखी. घरी परतल्यावर वीट. ती कुठल्या तरी पडक्या चाळीतली लाल अर्धी वीट होती, कडा झिजून साबणासारखी गुळगुळीत झालेली. निखाऱ्यांवर तापवून, जुन्या लुगड्याच्या चौघडीत गुंडाळून ती पोटावर ठेवायची. वाडीतल्या निम्म्या पोटांवरून ती वीट फिरली होती, माझ्याही. आणि ज्यांना चालवतच नाही त्यांच्यासाठी जातं. जात्यापुढे पाय पसरून बसणं हे तिच्या लेखी बसणं नव्हतं. मूठभर नाचणी घालून हळूहळू फिरवायचं, कंबर पुढे मागे जाऊ द्यायची. पीठ झालं तर भाकरी, नाही झालं तर नाही.

ईरा, तुझ्या आईने मला एकदा याच विषयावरचा व्हिडिओ पाठवला होता, तो मी मावशीला दाखवला. त्यात एक नीटनेटकी बाई चटईवर पाय पसरून बसलेली, दोन्ही हात एकात एक गुंफून हवेत गोल गोल फिरवत होती. मावशीने उभ्याने तो पूर्ण पाहिला.

"पीठ कुठं हाय?"

"पीठ नाही मावशी. नुसता व्यायाम आहे."

"आन् जातं?"

"जातंही नाही."

"मग ही बाय दळतीया काय?" ती बराच वेळ त्या बाईकडे कळवळून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पदरात नाचणी घेऊन दारात. "तिला सांग, माझ्याकडं ये म्हनावं. कंबर बी हलंल, भाकरी बी हुईल. बिचारी रिकामंच फिरवतीया."

पण ती आंधळेपणाने सगळ्यांना चालवत सुटायची असं समजू नका. खालच्या घरातल्या एका सुनेचं अंगावरून जाणं थांबेना, तोंड पांढरं पडलं, तर सासू म्हणाली, मावशी, हिला दांड्यावर ने. मावशीने पोरीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाली, "हे चालून जायाचं न्हाई. हे गाडीतनं जायाचं." जीप बोलावली आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःही जीपमध्ये बसून तिला रामनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. पोरगी वाचली. परत आल्यावर मावशीने फक्त एकच तक्रार केली, की त्या गाडीत उभं राहायला जागा नव्हती.

आता देवकी. मावशीच्या अलीकडचं चौथं घर, बाप रानात मजुरीला जाणारा, आणि ही पोरगी दहावीला. मी निवृत्त झाल्यावरही अभ्यासाला माझ्याकडे यायची, आणि गणित असं करायची की मी तपासताना उत्तर आधी तिच्या वहीत बघायची. पण दर महिन्याला चार-पाच दिवस शाळेत नाही. गणपतीच्या सुमारास हेडमास्तरांनी निरोप पाठवला की हजेरी आणखी घसरली तर परीक्षेला बसता येणार नाही. बाप म्हणाला, बसता येनार न्हाई तर मग जायाचं कशाला, गोव्याला काकाकडं जाऊ दे, घरकाम तरी शिकंल. मावशीने तेवढं ऐकलं आणि पावलांचा हिशेब मनात जुळवला. देवकीची पावलं मागल्या वाटेवर जून महिन्यापासून एकदाही उमटली नव्हती. म्हणजे पोरगी त्या दिवसांत घरात पडून असते. मावशी वीट घेऊन गेली. दोन महिने वीट, कोमट पाणी, जातं, परसात फेऱ्या. मीही बरोबर जायची, गणिताच्या निमित्ताने. तिसऱ्या महिन्यात देवकी जात्यावरून उठून म्हणाली, "मावशी, दुखनं गेलं."

"मग उद्या शाळंला."

"त्या वाटंनं मी जानार न्हाई."

"का गं? काटं हाईत?"

"काटं न्हाईत," देवकी म्हणाली. "फाट्यावर डोळं हाईत."

मला ते कळायला एक क्षण लागला. मावशीला तर त्याहून जास्त लागला, कारण चाळीस वर्षं तिने वाटेचं हे टोक पाहिलं होतं, दुसरं नाही. फाट्यावर शाळेची मुलं, दुधवाले, पानाच्या टपरीवरचे रिकामे लोक उभे असतात. पोरगी देवाच्या बाजूने आली की काही नाही. ओहोळाच्या बाजूने आली की झालं, जाहीर झालं. कुणी काही बोलायचीसुद्धा गरज नाही. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं की पुरे. पोटदुखी सोसेल, पण पंधरा वर्षांची मुलगी ते सोसत नाही.

मी उपाय सुचवला. सरळ रस्त्याने जा म्हणावं, कुणाला सांगू नको, कोण तपासायला येतंय? मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पदवीधर असल्याची मला लाज वाटली. "मानसांपासून लपवंल. देवाला काय सांगंल?" असं म्हणून ती घरी गेली आणि उंबऱ्यावर बसली. मी स्वतः पाहिलं, बसली. इतकी नीट बसली होती की मी घाबरून विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, "गप. इचार चाललाय."

चार दिवसांनी सकाळी सात वाजता मावशी माझ्या दारात. "टीचरबाई, बूट घाल."

ते बूट तुम्हीच पाठवलेले, पांढरे, गुलाबी नाड्यांचे. मी ते डब्यात जपून ठेवले होते. मी विचारलं, कुठे जायचंय? तर मागल्या वाटेने फाट्यावर. मी म्हटलं, अहो मावशी, मी चौसष्ट वर्षांची आहे. ती म्हणाली, "मी अडुसष्टाची हाय. म्हनून काय झालं? देवानं बाहेरच्या बाईला हिकडनं येऊ नको म्हटलंय. बरी असताना तिकडनं जाऊ नको, असं कुठं म्हटलंय?" मी वाटभर यातली चूक शोधली. सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही. रोज सगळ्याच मागल्या वाटेने जायला लागल्या, तर कोण कशासाठी गेली हे फाट्यावरच्या कुणाच्या बापालाही कळणार नाही, आणि देवाला काय ते कळतंच.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी, मधे देवकी. ती बरी होती तेव्हाच सुरुवात केली, मुद्दाम. आठवड्यात तिची आई आली, मग शाळेच्या आणखी दोघी पोरी, मग ज्यांचे गुडघे धरले होते त्या, ज्यांना सुनेबद्दल बोलायचं होतं त्या, ज्यांना सासूबद्दल बोलायचं होतं त्या. त्यांना मावशी वेगवेगळ्या टोकांना चालवायची. आणि एके दिवशी खुद्द थोरल्या गावकरांची बायको वहाणा घालून उभी. गावकर म्हणजे आमच्या गावच्या देवाधर्माचं सगळं बघणारा माणूस. कोणी कुठे शिवायचं आणि कुठे नाही हे तो ठरवतो. त्याची बायको साठीची, नातवंडांची आज्जी.

पंधरा दिवसांत गावकर मावशीच्या अंगणात. मी बश्या न्यायला गेले होते म्हणून ऐकलं.

"मावशे, हे काय चालवलंयस? आमची ही रोज मागल्या वाटंनं जातीया. हिला आता या वयात कसलं..."

"कसलं काय?"

"तेच गं."

"तेच म्हंजे?"

"अगं, तेच की!"

"गावकरा, गावातल्या समद्या पोरींच्या लग्नाचं जेवलास, अजून नाव घ्यायला यीना व्हय तुला?"

गावकर चिडला नाही, फार हैराण झाला होता. त्याचं म्हणणं असं की आता कोण बाहेरची आणि कोण नाही याचा मेळच लागत नाही. देवाच्या तेलाला कुणी हात लावला, कुणी नाही, सगळा गोंधळ. गावातल्या एकूण एक बायका, म्हाताऱ्यांसकट, रोजच्या रोज बाहेरच्या कशा होतील? म्हणजे देवाचा कोप. त्यातच त्याचे दोन बैल लंगडायला लागले होते. त्याने घरी बायकोला विचारलं होतं, "खरं सांग, तू बाहेरची हायस का?" तर ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मला काय इचारताय? देवाला इचारा." त्याने ते शब्दशः घेतलं. सोमवारी देवाला कौल लावायचं ठरलं.

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर डावीकडे आणि उजवीकडे एकेक फुलाची पाकळी पाण्याने चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली असती तर मागली वाट आम्हाला बंद झाली असती, आणि देवकी पुन्हा घरात. परीक्षेचा फॉर्म त्याच आठवड्यात भरायचा होता आणि तिचा बाप कौलाला पहिल्या रांगेत बसणार होता. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण आम्ही त्या दिवशी जे केलं ते बघणाऱ्याला नुसतं हास्यास्पद वाटलं असतं.

त्यातच सोमवार हा देवकीचा दुसरा दिवस. कौलाला सगळा गाव जमतो. सगळ्या बायका गेल्या आणि ती एकटी गेली नाही, तर जे दोन महिने झाकलं ते एका सकाळीत उघडं पडणार. मावशी म्हणाली, "कुनीच जायाचं न्हाई. समद्या दांड्यावर." म्हणून रोज चालणाऱ्या आम्ही नऊ जणी दांड्यावर जाऊन उभ्या राहिलो, बाकीच्या घरीच थांबल्या. तिथून रानासमोरची मोकळी जागा दिसते, पण आवाज येत नाही. खाली पुरुष दाटीवाटीने बसलेले. गावकर उभा राहिला, हात जोडले, बोलला. पाकळ्या काही पडेनात. अर्धा तास झाला. हवा दमट, पाकळ्या ताज्या. देवकी पोट धरून वाकायला लागली, कशाने ते सांगता येणार नाही, पाळीने की त्या पाकळ्यांनी.

"वाकू नगं," मावशी म्हणाली. "हलव. आन् तुम्ही काय बगताय गं? समद्यांनी हलवा, म्हंजे ती एकटी दिसनार न्हाई."

तर मुलांनो, नऊ बायका कंबरेवर हात ठेवून, आभाळाला पाठ लावून, एका ओळीत, उजवीकडून दहा आणि डावीकडून दहा. मी, इंग्रजी आणि इतिहास घेऊन पदवी मिळवलेली, त्या ओळीत चौथी. गावकरांची बायको पाचवी. खाली एकाने मान वर केली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. देवाकडे बघणारा एकटा गावकर उरला. आणि तेवढ्यात खाली काहीतरी झालं. सगळ्यांची डोकी एकदम जमिनीला टेकली. कुठली पडली, ते काही वरून दिसेना.

गावकर खाचरांच्या बांधाबांधाने वर यायला लागला. आमची ओळ थांबली, देवकीने माझा हात धरला. तो वाटेपासून वीतभर अलीकडे थांबला, वाटेवर पाऊल टाकलं नाही, आणि धापा टाकत म्हणाला, "पडलं!"

"कंचं?" मावशीने विचारलं.

"उजवं. देव म्हनतो, चालू दे." मग जरा दम घेऊन, "पन तुम्ही करत काय हुतासा, ते तेवढं सांगा. खालनं काय बी कळंना."

"पोतं हलवत हुतो," मावशी म्हणाली.

"तुम्ही बी येत जावा उद्यापासनं," त्याची बायको म्हणाली. त्याने वाटेकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि तो बांधावरून खाली गेला.

पुढे कुणीतरी कुजबुजलं की गावकरानेच डाव्या पाकळीला जरा जास्त पाणी लावलं होतं, चांगली घट्ट बसावी म्हणून. देवाच्या गोष्टीत मी पडत नाही. त्याच्या बायकोचे गुडघे त्या महिन्यात दुखायचे थांबले होते आणि ती घरात बरंच कमी बोलायला लागली होती, एवढं मला नक्की माहीत आहे. बापाने फॉर्मवर सही केली. देवकी परीक्षेला बसली आणि पास झाली. आता धारवाडला नर्सिंग शिकते; तिथे मैत्रिणींना कंबर फिरवायला लावते, आणि त्याला काय म्हणतात विचारलं की "पोतं" म्हणून सांगते.

मावशी या भाद्रपदात गेली. तीन दिवसांचा ताप. ती आडवी झाली आहे हेच आधी कुणाला खरं वाटेना. जो तो येऊन बघून जायचा. मी जाऊन तिच्या पोटावर वीट ठेवली तर म्हणाली, "उगं ठेव. हिकडं काय दुखत न्हाई. पन गरम बरं वाटतंय." पायाची बोटं शेवटपर्यंत हलवत होती.

तिला मागल्या वाटेने न्यायचं होतं, दुसरी वाट नव्हतीच. आमच्याकडे बायका मयतीबरोबर जात नाहीत, दारातूनच परततात. पण तिच्या दारातूनच तर वाट सुरू होते, आणि सकाळचे सव्वासात झाले होते. चढावर खांदेकरी लागले तशा आम्ही मागून चालायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. गावकर पुढून उजवा खांदा देत होता. दांड्यावर आमच्या नेहमीच्या जागी त्यांनी तिरडी टेकवली. खांदा बदलायला तिथेच टेकवतात, त्या जागेला विसावाच म्हणतात. सगळे घामाघूम झाले होते. कुणीतरी तंबाखूची चंची काढली, कुणी खाली बसलं. गावकर एकटा उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "उठा रे. फार वेळ टेकवू नका तिला. आवडायचं न्हाई."

आम्ही ओहोळापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरलो.

ईरा, गरम पाण्याची पिशवी पोटावर घे, कोमट पाणी पी, आणि घराभोवती हळू चाल. पोहायचं वाटलं तर पोहायलाही जा. फार दुखलं किंवा फार जायला लागलं तर ते चालून जायचं नाही, डॉक्टरांकडे जा. निहार, तू कुणाकडे बघत फाट्यावर उभा राहू नकोस.

वाट अजून आहे. रोज सकाळी सव्वासातला आम्ही अकरा जणी निघतो, आणि कोण कशासाठी चाललीय हे फाट्यावर कुणाला कळत नाही. वीट माझ्याकडे आहे, चुलीच्या उजव्या अंगाला. माझ्या दोन बश्या अजून तिच्या पडवीत आहेत.